इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर : ध्वनिवर्धकातील बिघाड

ध्वनिवर्धकाच्या (ॲम्प्लिफायरच्या) वीजपुरवठ्यात व ध्वनिमार्गात वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक धारित्रांचा, म्हणजे विद्युत् भार साठवणाऱ्या घटकांचा, म्हणजे बोलीतल्या कंडेन्सरांचा, कालांतराने होणारा ऱ्हास. ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या आणि त्यांमध्ये विद्युत् विच्छेद्यात (वीज वाहणाऱ्या द्रवात) भिजवलेला कागद अशी गुंडाळी डबीत घालून तळाशी रबरी बूच बसवलेले असते. निरोधकाचे काम कागद करत नाही. ते धन पट्टीवर चढवलेला ऑक्साइडचा थर करतो. त्याची जाडी दर व्होल्टला सुमारे १.४ नॅनोमीटर धरतात, म्हणजे ४५० व्होल्टच्या कंडेन्सरातही ती एका मायक्रोमीटरच्या आतच राहते. थराला बारीक छिद्र पडले, तर विच्छेद्यातील ऑक्सिजनमुळे ते पुन्हा बुजते. मात्र त्यासाठी आतला कागद ओला असावा लागतो.

या रचनेचे जनकत्व वादग्रस्त आहे. ॲल्युमिनियमवरील थर प्रवाह एकाच दिशेने जाऊ देतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माहीत झाले होते. त्या संदर्भात १८७५ च्या सुमाराचे फ्रेंच संशोधक द्युक्रेते यांचे काम सांगितले जाते. त्याचा धारित्र म्हणून उपयोग करण्याचे श्रेय सहसा पोलिश संशोधक कारोल पोल्लाक यांना देतात. उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी द्रावात हा थर टिकतो, हे त्यांनी हेरले आणि १८९६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. मात्र ते धारित्र द्रवाने भरलेले भांडेच होते, ते आडवे करण्याची सोय नव्हती. आजच्या ‘कोरड्या’ कंडेन्सरासाठी अमेरिकी संशोधक सॅम्युएल रूबेन यांचे १९२५ चे काम पुढे करतात, तर काही जण त्याच दशकातील संशोधक ज्युलियस लिलिएनफेल्ड यांच्या पेटंटांकडे बोट दाखवतात. पोल्लाकांकडे तत्त्व आणि रूबेनकडे बांधणी, अशी वाटणी पुराव्याशी अधिक जुळते. ‘कोरडा’ हा शब्दही सापेक्षच आहे. द्रव हलत नाही एवढाच त्याचा अर्थ, आणि तो खरोखर कोरडा झाला की कंडेन्सर संपतो. विजेवर चालणाऱ्या घरगुती रेडिओंमुळे १९२० च्या दशकाच्या अखेरीस या मालाला मोठी मागणी आली.

बिघाडाचे मुख्य कारण उष्णता हे आहे. विच्छेद्याची वाफ बुचातून अत्यंत सावकाश झिरपत राहते. तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते, हा ढोबळ नियम सर्वत्र वापरला जातो. डबीवर ‘८५ अंश, २,००० तास’ असे छापलेले असेल, तर ४५ अंशांना ते गणिताने ३२,००० तास भरते. रोज तीन तास वाजणाऱ्या यंत्राला ही सुमारे २९ वर्षे झाली. हा हिशेब उदारच म्हणावा लागेल, कारण यंत्र बंद असले तरी रबर कडक होतच असते. शिवाय रेक्टिफायरकडून, म्हणजे उलटसुलट वाहणारा प्रवाह एकदिश करणाऱ्या भागाकडून, येणारा चढउताराचा प्रवाह, म्हणजे रिपल, कंडेन्सरला आतूनही तापवतो. ओल घटली की अंतर्गत रोध वाढतो, रोध वाढला की उष्णता वाढते, आणि ओल आणखी घटते. व्हॉल्व्हच्या यंत्रात तापलेल्या नळ्यांना खेटून बसवलेले कंडेन्सर आधी जातात ते यामुळेच.

मेलेला कंडेन्सर फुगतोच असे नाही. आत वायू साचला, तर डोक्यावरच्या अधिक चिन्हासारख्या किंवा के-आकाराच्या खाचा उचलल्या जातात. पण नुसता वाळलेला कंडेन्सर बाहेरून नव्यासारखा दिसतो. तो कापून पाहिला, तर बोटाला ओलसर लागायला हवा असा कागद वहीच्या पानासारखा कुरकुरतो. याउलट, बुडाशी दिसणारा तपकिरी थर पुष्कळदा गळती नसून कारखान्यात लावलेला जुना डिंक असतो. तो काळवंडला की वीजवाहक होतो आणि शेजारच्या तारा खातो, त्यामुळे खरवडून काढावाच लागतो.

भारतातील ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात पूर्णतरंग रेक्टिफायरनंतर १०० हर्ट्झची घरघर उरते. २ ॲम्पिअर भाराला १०,००० मायक्रोफॅरडवर सुमारे २ व्होल्टचा चढउतार राहतो. धारकता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, ४,७०० वर आली, की तो ४ व्होल्टच्या वर जातो आणि घरघर स्पीकरमधून ऐकू येऊ लागते. ध्वनिमार्गातील कंडेन्सरचे लक्षण वेगळे असते. ८ ओहमच्या स्पीकरशी जोडलेला २,२०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर सुमारे ९ हर्ट्झपर्यंत खाली उतरतो. त्याचे ४७० उरले, तर ४२ हर्ट्झच्या खालचे स्वर क्षीण होतात, म्हणजे सर्वांत खालच्या स्वरांची घुमक आधी जाते.

१९९९ ते २००७ च्या सुमारास सदोष पाणीयुक्त विच्छेद्यामुळे कंडेन्सर मोठ्या प्रमाणावर फुटले. त्याचा फटका मुख्यतः संगणकाच्या मदरबोर्डना बसला. त्यामागे चोरलेल्या अपुऱ्या सूत्राची कथा सांगितली जाते, पण ती सावधपणेच घ्यावी.

वर्षानुवर्षे न वाजलेल्या यंत्रात ऑक्साइडचा थर पातळ होतो आणि गळती प्रवाह, म्हणजे थरातून निसटणारी वीज, वाढतो. एकदम पूर्ण विद्युत् दाब (व्होल्टेज) दिला, तर कंडेन्सर तापून फुटू शकतो. म्हणून मोठ्या रोधातून दाब हळूहळू चढवून थर पुन्हा बसवतात. थर विरला असेल, तरच याचा उपयोग होतो. उडून गेलेला विच्छेद्य त्याने परत येत नाही.