अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीतील तंत्रज्ञानधोरण

अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभे राहणारे उमेदवार दूरसंचार, इंटरनेट, पेटंट, मक्तेदारीविरोधी कायदा, खासगीपणा, परदेशी कुशल कामगारांचे व्हिसा आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयांवर ज्या भूमिका जाहीर करतात, त्यांचा हा आढावा आहे. या भूमिका पक्षाच्या जाहीरनाम्यात, उमेदवाराच्या धोरणपत्रिकेत, प्रश्नावलींच्या लेखी उत्तरांत आणि क्वचित वादसभांत आढळतात. अभ्यासासाठी ही साधने सारख्या तोलाची नाहीत. उमेदवाराने काँग्रेसमध्ये (अमेरिकी संसदेत) पूर्वी केलेले मतदान, त्याने निवडलेले सल्लागार आणि निवडून आल्यावर आयोगांवर केलेल्या नेमणुका यांतून त्याचा कल धोरणपत्रिकेपेक्षा अधिक खात्रीने कळतो. या नोंदीत म्हणून घोषणांबरोबर मतदान आणि नेमणुकाही विचारात घेतल्या आहेत.

उगम : तंत्रज्ञान हा अध्यक्षीय प्रचाराचा विषय केव्हा झाला, याविषयी एकमत नाही. एक मत १९६० कडे बोट दाखवते. सोव्हिएत संघाने ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुट्निक सोडल्यानंतर अमेरिका मागे पडल्याची भावना पसरली होती. क्षेपणास्त्रांच्या संख्येत सोव्हिएत संघ पुढे गेल्याचा मुद्दा जॉन केनेडी यांनी प्रचारात लावून धरला. अशी पिछाडी प्रत्यक्षात नव्हती, हे नंतर स्पष्ट झाले. मात्र हा मुद्दा मूलतः संरक्षणाचा होता. नागरी तंत्रज्ञानाला सरकारने कोणते नियम लावावेत, हा प्रश्न त्यात नव्हता. विद्यापीठांना सरकारी पैशातून लागलेल्या शोधांचे पेटंट घेण्याची मुभा देणारा बे-डोल कायदा १९८० चा, म्हणजे निवडणुकीच्याच वर्षाचा. पण तो दोन्ही पक्षांच्या सहमतीने झाला आणि प्रचारात त्याची चर्चा झाल्याचे दिसत नाही.

दुसरे मत १९९२ हे आरंभवर्ष मानते आणि तेच अधिक ग्राह्य वाटते. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये बिल क्लिंटन व अ‍ॅल गोर यांनी तंत्रज्ञान हे आर्थिक वाढीचे इंजिन असल्याचे सांगणारी स्वतंत्र धोरणपत्रिका काढली आणि फेब्रुवारी १९९३ मध्ये सिलिकॉन व्हॅलीत जाऊन तिला सरकारी धोरणाचे रूप दिले. प्रचारातील कागद आणि सरकारचे धोरण यांचा इतका थेट दुवा त्याआधी सापडत नाही. तरीही दोन पक्षांतील अंतर वाजवीपेक्षा मोठे मानू नये. गोर यांनी सिनेटमध्ये पुढे रेटलेल्या उच्चक्षमता संगणन कायद्यावर डिसेंबर १९९१ मध्ये सही केली ती थोरल्या जॉर्ज बुश यांनी, म्हणजे १९९२ च्या प्रतिस्पर्ध्याने. या कायद्याच्या निधीचा लाभ इलिनॉय विद्यापीठातील महासंगणन केंद्राला झाला आणि १९९३ मध्ये तेथेच मोझेइक हा ब्राउझर तयार झाला. इंटरनेटच्या निर्मितीत आपण काँग्रेसमध्ये असताना पुढाकार घेतला, हे गोर यांचे मार्च १९९९ मधील विधान ‘इंटरनेटचा शोध मीच लावला’ अशा विपर्यस्त रूपात पसरले आणि २००० च्या प्रचारात त्यांची त्यावरून थट्टा झाली. इंटरनेटच्या मूळ नियमसंहितेचे शिल्पकार रॉबर्ट कान व व्हिंटन सर्फ यांनी गोर यांच्या कामाची जाहीर पाठराखण केली. उपलब्ध पुरावा त्यांच्याच बाजूचा आहे.

१९९६ ते २००४ : या काळातील प्रचारसाहित्यात तंत्रज्ञानाला थोडीच जागा आहे. महत्त्वाची घडामोड काँग्रेसमध्ये झाली. तेथे संमत झालेल्या दूरसंचार कायद्यावर ८ फेब्रुवारी १९९६ रोजी सही झाली. वापरकर्त्यांनी लिहिलेल्या मजकुराची कायदेशीर जबाबदारी संकेतस्थळावर न टाकणारे ‘कलम २३०’ त्याचाच भाग होय. सिनेटमध्ये विरोधात पडलेल्या पाच मतांपैकी एक २००८ चे रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांचे होते. कायद्याने बाजार पुरेसा मुक्त होत नाही, हा त्यांचा आक्षेप होता आणि बारा वर्षांनंतरच्या त्यांच्या भूमिकेचे मूळ त्यात सापडते. मार्च २००४ मध्ये धाकटे जॉर्ज बुश यांनी २००७ पर्यंत सर्वांना परवडणारे ब्रॉडबँड देण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. ते साध्य झाले नाही.

२००८ ची निवडणूक : दोन्ही प्रमुख उमेदवारांच्या तपशीलवार आणि परस्परविरोधी भूमिका या निवडणुकीत प्रथमच समोरासमोर ठेवता येतात. १४ नोव्हेंबर २००७ रोजी बराक ओबामा यांनी माउंटन व्ह्यू येथील गूगलच्या मुख्यालयात आपली योजना मांडली. सर्वांपर्यंत ब्रॉडबँड, नेट न्यूट्रॅलिटीचे (पुरवठादाराने सर्व मजकुराला सारखी वागणूक देण्याच्या तत्त्वाचे) रक्षण, सरकारी माहिती जनतेसाठी खुली करणे, संशोधन-विकासावरील करसवलत कायम करणे, पेटंट पद्धतीत सुधारणा आणि संघराज्य सरकारात मुख्य तंत्रज्ञान अधिकाऱ्याचे पद, ही तिची मुख्य अंगे. गूगलचे तत्कालीन प्रमुख एरिक श्मिट यांनी तेथे त्यांना दहा लाख ३२-बिट संख्या क्रमाने लावण्याची कार्यक्षम रीत विचारली. बबल सॉर्ट (शेजारच्या दोन-दोन संख्यांची तुलना करत जाणारी संथ रीत) ही त्यासाठी चुकीची वाट ठरेल, असे ओबामांनी उत्तर दिले आणि सभागृहात हशा व टाळ्या झाल्या. काही महिन्यांपूर्वी याच ठिकाणी मॅकेन यांनाही असाच प्रश्न विचारण्यात आला होता. हा प्रसंग वारंवार सांगितला जातो. धोरण समजण्यास त्याचा उपयोग बेताचाच, पण उमेदवाराचे सल्लागार त्याची तयारी कशी करून घेतात हे त्यातून चांगले दिसते.

मॅकेन यांनी आपली योजना ऑगस्ट २००८ मध्ये प्रसिद्ध केली. संशोधनावर होणाऱ्या वेतनखर्चाच्या १० टक्के करसवलत, इंटरनेटवर नवा कर न लावणे आणि नेट न्यूट्रॅलिटीसाठी आगाऊ नियम करण्यास विरोध, हा तिचा गाभा होता. ते १९९७ पासून काही काळ दूरसंचाराचे विषय हाताळणाऱ्या सिनेटच्या वाणिज्य समितीचे अध्यक्ष होते. त्यामुळे त्यांना संगणक फारसा वापरता येत नसल्याची जी टीका झाली, ती धोरणाच्या दृष्टीने गौण ठरते. नगरपालिकांना स्वतःची ब्रॉडबँड सेवा देता यावी यासाठी २००५ मध्ये डेमोक्रॅटिक सिनेटर फ्रँक लॉटेनबर्ग यांच्यासह त्यांनी विधेयक मांडले होते. त्यांना केवळ कंपन्यांचे पाठीराखे म्हणणे म्हणून बरोबर होणार नाही.

दोन्ही बाजूंचे सल्लागार पाहिले की चित्र स्पष्ट होते. मॅकेन यांच्या योजनेला मायकेल पॉवेल यांचा हातभार होता. ते २००१ ते २००५ या काळात दूरसंचाराचे नियमन करणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनचे, म्हणजे एफसीसीचे, अध्यक्ष होते. ओबामांकडे जुलियस जेनाकोव्स्की होते आणि २००९ मध्ये त्याच आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. विज्ञानविषयक वादसभा घेण्याचा एका नागरी गटाचा प्रयत्न मात्र यशस्वी झाला नाही. दोन्ही उमेदवारांनी त्या गटाच्या १४ प्रश्नांना लेखी उत्तरे दिली आणि ती आजही तुलनेचे उत्तम साधन आहेत.

घोषणा आणि मतदान यांतील फरकाचे ठळक उदाहरणही याच निवडणुकीतले आहे. न्यायालयाच्या परवानगीविना झालेल्या पाळतीत सरकारला साथ देणाऱ्या दूरसंचार कंपन्यांना खटल्यांपासून संरक्षण देणारे विधेयक आपण रोखून धरू, असे ओबामांच्या प्रचारयंत्रणेने २००७ मध्ये सांगितले होते. ९ जुलै २००८ रोजी हे संरक्षण असलेले विधेयक सिनेटमध्ये ६९ विरुद्ध २८ मतांनी संमत झाले, तेव्हा ओबामांचे मत बाजूने पडले. प्राथमिक फेरीत त्यांच्याकडून हरलेल्या हिलरी क्लिंटन यांनी विरोधात मत दिले. मॅकेन मतदानाला हजर नव्हते. पाळत आणि खासगीपणा या प्रश्नावर ओबामांच्या समर्थकांचा हा मोठा अपेक्षाभंग होता आणि तो रास्त होता.

नेट न्यूट्रॅलिटीचा तांत्रिक पेच : इंटरनेट पुरवठादाराने सर्व मजकुराला सारखी वागणूक द्यावी, हे तत्त्व भारतीय वाचकांना २०१५ मधील ‘ट्राय’समोरच्या वादामुळे परिचित आहे. अमेरिकेतील वाद तत्त्वाइतकाच वर्गीकरणाचा आहे. १९३४ च्या दळणवळण कायद्यानुसार ‘दूरसंचार सेवा’ देणाऱ्यावर टेलिफोन कंपनीप्रमाणे भेदभाव न करण्याचे बंधन येते, ‘माहिती सेवा’ देणाऱ्यावर येत नाही. पॉवेल अध्यक्ष असताना २००२ मध्ये एफसीसीने केबलवरील ब्रॉडबँड ‘माहिती सेवा’ ठरवले. जून २००५ मध्ये ब्रँड एक्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा हा अधिकार मान्य केला. त्याच वर्षी टेलिफोनच्या तारेवरील ब्रॉडबँडही त्या वर्गात गेले. आयोगाकडे मग तत्त्वे उरली, पण ती बजावण्याचा पक्का कायदेशीर आधार उरला नाही. फायलींच्या देवाणघेवाणीच्या बिटटोरंट या पद्धतीची वाहतूक मंदावल्याबद्दल कॉमकास्ट या इंटरनेट पुरवठादाराविरुद्ध २००८ मध्ये दिलेला आदेश एप्रिल २०१० मध्ये अपील न्यायालयात टिकला नाही. डिसेंबर २०१० च्या नियमांचा मुख्य भाग जानेवारी २०१४ मध्ये रद्द झाला. ज्यांना आयोगाने स्वतःच टेलिफोनसदृश वर्गाबाहेर ठेवले, त्यांच्यावर त्या वर्गाची बंधने लादता येणार नाहीत, असे कारण न्यायालयाने दिले.

१० नोव्हेंबर २०१४ रोजी ओबामांनी ब्रॉडबँड ‘दूरसंचार सेवा’ ठरवावे, असे चित्रफितीतून जाहीरपणे सांगितले. आयोग स्वायत्त असल्याने हे केवळ मतप्रदर्शन होते की निर्णायक दबाव, याविषयी मतभेद आहेत. आयोगाचे अध्यक्ष टॉम व्हीलर यांचा मे २०१४ मधील मूळ प्रस्ताव सौम्य होता आणि जनतेकडून सुमारे ४० लाख प्रतिक्रिया आल्या होत्या. घटनाक्रम पाहता दोन्हींचा परिणाम झाला असावा. २६ फेब्रुवारी २०१५ रोजी नवे वर्गीकरण ३ विरुद्ध २ मतांनी संमत झाले. डिसेंबर २०१७ मध्ये अजित पै यांच्या अध्यक्षतेखाली ते ३ विरुद्ध २ नेच मागे घेतले गेले. एप्रिल २०२४ मध्ये ते पुन्हा ३ विरुद्ध २ ने परत आणले गेले आणि २ जानेवारी २०२५ रोजी सहाव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने ते रद्द केले. आयोगाच्या पाचपैकी तीनच सदस्य एका पक्षाचे असू शकतात आणि ते तीन कोणत्या पक्षाचे हे अध्यक्षीय निवडणुकीवर ठरते. तिन्ही मतदाने पक्षरेषेवरच झाली. उमेदवाराची भूमिका महत्त्वाची ठरते ती या जागी.

२०१२ नंतर : १८ जानेवारी २०१२ रोजी विकिपीडियासह अनेक संकेतस्थळांनी ‘सोपा’ या ऑनलाइन चाचेगिरीविरोधी विधेयकाच्या निषेधार्थ आपली सेवा बंद ठेवली. दुसऱ्याच दिवशी दक्षिण कॅरोलिनातील रिपब्लिकन वादसभेत चारही उमेदवारांना त्याविषयी विचारले गेले. मिट रॉम्नी, न्यूट गिंग्रिच व रॉन पॉल यांनी विधेयकाला विरोध केला. रिक सँटोरम यांनाही आहे तसा मसुदा मान्य नव्हता, पण स्वामित्वहक्कांच्या रक्षणावर त्यांनी भर दिला.

२०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी २०२० पर्यंत घरोघरी ब्रॉडबँड आणि नवउद्योजकांना शैक्षणिक कर्जाच्या हप्त्यांत सवलत अशी सविस्तर योजना दिली. डोनाल्ड ट्रम्प यांनी तशी पत्रिका काढली नाही. तथापि नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे सरकारने वरून केलेले सत्ताग्रहण, अशा आशयाचे त्यांचे नोव्हेंबर २०१४ मधील ट्विट पुढील धोरणाचा बऱ्यापैकी अचूक अंदाज देते.

यानंतर विषयाचा रोख पायाभूत सोयींकडून बड्या कंपन्यांच्या सत्तेकडे वळला. मार्च २०१९ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या स्पर्धेतील एलिझाबेथ वॉरन यांनी २५ अब्ज डॉलरहून अधिक जागतिक वार्षिक उत्पन्न असलेल्या ऑनलाइन बाजारपेठा व तत्सम मंचांना स्वतःच्याच मंचावर धंदा करण्यास मनाई करावी, असे सुचवले. २०२० मध्ये जो बायडन व ट्रम्प दोघांनीही कलम २३० रद्द करण्याची भाषा केली. कारणे मात्र उलट होती. अपप्रचाराची जबाबदारी कंपन्या घेत नाहीत, ही बायडन यांची तक्रार होती, तर पुराणमतवादी मजकूर दाबला जातो, ही ट्रम्प यांची. कलम अद्याप कायम आहे. २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचा बायडन यांचा ऑक्टोबर २०२३ चा आदेश रद्द करण्याचे रिपब्लिकन जाहीरनाम्याने आश्वासन दिले. २० जानेवारी २०२५ रोजी ते पाळले गेले.

व्हिसाचा प्रश्न : पुण्या-मुंबईतील संगणक अभियंते आणि न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सास येथील मराठी कुटुंबे यांच्या दृष्टीने या साऱ्या चर्चेचा सर्वांत निकटचा भाग एच-१बी व्हिसाचा आहे. दरवर्षी सोडतीच्या वेळी ‘नंबर लागला का?’ ही विचारपूस हिंजवडीतल्या कार्यालयांपासून एडिसनमधल्या घरांपर्यंत चालते. ऑक्टोबर २००० च्या कायद्याने २००१ ते २००३ या तीन आर्थिक वर्षांसाठी वार्षिक मर्यादा १,९५,००० केली होती. २००४ पासून ती पुन्हा ६५,००० झाली आणि अमेरिकी विद्यापीठांच्या पदव्युत्तर पदवीधरांसाठी २०,००० जागा वेगळ्या ठेवण्यात आल्या. एप्रिल २००७ मध्ये ६५,००० ची मर्यादा पहिल्याच दिवशी भरली. त्यानंतरच्या अनेक उमेदवारांनी सुधारणेचे शब्द दिले, पण या आकड्यांत बदल झाला नाही, कारण तो अधिकार काँग्रेसचा आहे. अध्यक्षाच्या हाती उरतात छाननीचे नियम, शुल्क आणि आदेश. अमेरिकी महाविद्यालयांतून पदवी घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना ग्रीन कार्ड द्यावे, असे ट्रम्प यांनी जून २०२४ मध्ये प्रचाराच्या काळात म्हटले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी काढलेल्या फर्मानाने देशाबाहेरील कामगारांसाठीच्या नव्या एच-१बी अर्जांवर १,००,००० डॉलरचे शुल्क लागू झाले.