समुद्रातले लोखंड: भट्टी की टाकी?

समुद्रतळातून काढलेला बिडाचा तोफगोळा शाबूत दिसतो, पण हातात घेतला की हलका लागतो. बाहेरच्या थरातले लोखंड निघून गेलेले असते, ग्रॅफाइटचा सांगाडा तेवढा आकार धरून असतो आणि तो चाकूनेही कापला जातो. समुद्राच्या मिठातून आत मुरलेल्या क्लोराइडांना हवा लागली की वर तपकिरी थेंब साचतात आणि पापुद्रे सुटू लागतात.

बर्लिनच्या राजसंग्रहालयांत 1888 मध्ये रासायनिक प्रयोगशाळा निघाली, मद्रासला 1930 मध्ये. विजेच्या प्रवाहाने गंज उतरवण्याची पद्धत या काळात रुळली. मद्रासला ती मुख्यतः कांस्यमूर्तींसाठी वापरली गेली.

हे क्लोराइड कसे काढायचे यावरचा खरा वाद पेटला तो स्टॉकहोममध्ये. 1628 मध्ये बुडालेले ‘वासा’ हे स्वीडनचे युद्धजहाज 1961 मध्ये वर आले आणि त्यातले लोखंड हायड्रोजनच्या भट्टीत सुमारे 1,000 अंश सेल्सियसपर्यंत तापवले गेले. क्लोराइड उडून जात, गंजाचे पुन्हा लोखंड होई आणि आकार टिकत असे. काम वर्षांऐवजी दिवसांत उरके. डोळ्यांदेखत भुगा होणाऱ्या वस्तू समोर असताना हा मोह समजण्यासारखा आहे. पण घडीव लोखंड आणि पोलाद सुमारे 700 अंशांच्या पुढे गेले की त्याची अंतर्रचना बदलते. लोहाराने वस्तू कशी ठोकली, पाणी कसे दिले, याचा पुरावा तिथेच असतो आणि तो एकदा पुसला की परत मिळत नाही. माझ्या मते ही किंमत फार मोठी होती. पुढे तापमान 400 अंशांच्या आसपास उतरवण्याचे प्रयत्न झाले, ते याच आक्षेपामुळे.

दुसरी वाट 1975 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातून आली: कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइटच्या कोमट द्रावणात, क्लोराइड बाहेर येईपर्यंत, वस्तू महिनोन्‌महिने बुडवून ठेवायची. वेळ लागतो, पण धातूची रचना शाबूत राहते. दक्षिण कॅरोलिनात उच्च दाबाखाली सुमारे 180 अंशांच्या द्रावणात हेच काम कितीतरी लवकर होते. मात्र 2000 मध्ये तिथेच वर काढलेली ‘हनली’ पाणबुडी त्या यंत्रात मावण्यासारखी नव्हती. 2014 पासून ती साध्या अल्कधर्मी टाकीतच ठेवावी लागली.

आपल्या जलदुर्गांवरच्या बिडाच्या तोफा बुडालेल्या नाहीत, पण खारा वारा क्लोराइड आणतोच. ते न काढता वरून काळा रंग फासला की गंज रंगाखाली चालू राहतो. अवजड तोफ टाकीपर्यंत न्यायची तर गडावरून उतरवावी लागते. जागेवरच करायचे तर गोड्या पाण्याने धुणे, टॅनिक आम्ल आणि वर मेण एवढेच हाती उरते, आणि तो मेणाचा थर दर पावसाळ्याआधी तपासावा लागतो.