फाइलहँडल बंद, पण चूक कुठे?

पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतली छोटी स्क्रिप्ट चालवली आणि पडद्यावर एवढंच आलं: 'रीडलाइन ऑन क्लोज्ड फाइलहँडल'. म्हणजे बंद फाइलहँडलवरून वाचायला गेलात. नवशिका मग वॉर्निंगने दाखवलेल्या ओळीकडे तासभर बघत बसतो. त्या ओळीत बहुतेकदा काहीच चुकलेलं नसतं. चूक वर, फाइल उघडली तिथे असते.

फाइलहँडल म्हणजे देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडचा बिल्ला. ऑपरेटिंग सिस्टिम फाइलसाठी एक आकडा देते आणि वाचणं-लिहिणं सगळं त्या आकड्यावर चालतं. फाइल सापडली नाही किंवा परवानगी नसली, तर बिल्ला मिळतच नाही. पर्लचं 'ओपन' तेव्हा ओरडत नाही, नुसतं 'नाही' म्हणतं. ते आपण ऐकलं नाही, की स्क्रिप्ट तशीच पुढे जाते आणि वाचताना अडखळते. म्हणून 'ओपन'पुढे 'ऑर डाय' (म्हणजे 'नाहीतर इथेच थांब') लिहावं आणि डॉलर-उद्गारचिन्ह हे व्हेरिएबल छापावं. खरं कारण त्यात असतं. मी तर चार ओळींच्या स्क्रिप्टमध्येही हे सोडत नाही.

फाइलचं नाव कीबोर्डवरून घेतलं असेल, तर 'चॉम्प' (शेवटचं एन्टरचं अक्षर काढणारी आज्ञा) लिहायचं राहिलंय का तेही पाहा. एन्टरचं अक्षर नावाला चिकटून येतं. नाव बरोबर दिसतं, फाइल मात्र सापडत नाही. 2000 सालच्या 5.6 आवृत्तीपासून मिळणारं 'यूज वॉर्निंग्ज' स्क्रिप्टच्या सुरुवातीला असेल, तर पर्ल या चुकीचीही वेगळी सूचना देऊ शकते.

सगळ्यात फसवं प्रकरण पहिल्या तीन बिल्ल्यांचं. 0 इनपुटचा, 1 आउटपुटचा, 2 चुकांच्या संदेशांचा. युनिक्समध्ये नव्या फाइलला सर्वांत लहान रिकामा आकडा मिळतो. आउटपुट बंद करून वाचण्यासाठी फाइल उघडलीत, तर 1 तिच्याकडे जातो. आउटपुटचं हँडल आता फक्त वाचण्यासाठी उघडलं गेलंय, असं पर्ल सांगते. पण 2 बंद करून लिहिण्यासाठी फाइल उघडलीत, तर पर्ल गप्प राहते, कारण 2 लिहिण्यासाठीच असतो. मग स्क्रिप्टमधून दुसरा प्रोग्राम चालवला, की त्याचे चुकांचे संदेश थेट तुमच्या डेटामध्ये मिसळतात. म्हणून हे तीन बिल्ले परत करू नयेत. संदेश नको असतील तर ते हँडल 'डेव्ह-नल'कडे, म्हणजे लिहिलेलं सगळं गिळून टाकणाऱ्या खास फाइलकडे, वळवावं. आकडा आपल्याकडेच राहतो.