तिरळेपणाचं ऑपरेशन: आधी नुसतं कापायचे, मग मोजायला शिकले

सांगली जिल्ह्याला डोळ्यांचं ऑपरेशन नवं नाही. डॉ. विल्यम वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल मिरजेत १८९४ साली उभं राहिलं, आणि मोतीबिंदू काढायला लांबलांबून माणसं तिथे येऊ लागली. पण ज्या घरातले आजोबा बिनघोर मोतीबिंदू काढून आले, त्याच घरात नातीचा तिरळा डोळा मात्र ‘लग्नाच्या वेळी बघू’ म्हणून राहून जातो. कुणी तो भाग्याचा म्हणतं, कुणी आपोआप सरळ होईल म्हणतं.

यात एकट्या घरच्यांना दोष देता येत नाही. खुद्द डॉक्टरांनीही बराच काळ तिरळेपणाकडे दिसण्याची बाब म्हणूनच पाहिलं.

अठराव्या शतकात जॉन टेलर नावाचा इंग्रज फिरता वैद्य तिरळेपणा बरा करण्याचा दावा करी. चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधली की तिरळा डोळा समोर पाहू लागतो, एवढीच त्याची करामत! पट्टी सुटायच्या आत स्वारी पुढच्या गावाला.

खरं ऑपरेशन झालं ते बर्लिनमध्ये, २६ ऑक्टोबर १८३९ रोजी. योहान डिफेनबाख यांनी सात वर्षांच्या मुलाच्या डोळ्याचा नाकाकडचा स्नायू कापला. भूल द्यायची सोय तेव्हा नव्हती; ईथर आलं १८४६ साली. तरी युरोपभर या ऑपरेशनची लाटच आली. (याच डिफेनबाख यांनी तोतरेपणावर जिभेचा स्नायू कापायचा उपायही काढला होता. तो टिकला नाही, हे बरंच झालं.) घोळ असा की स्नायू मोकळा सोडला तर तो किती मागे सरकेल याला धरबंध नसे. नाकाकडे वळलेला डोळा काही काळाने कानाकडे वळे.

त्यावर इलाज सापडायला बराच काळ गेला. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या जेम्सन यांनी सोडवलेला स्नायू मोजून मागे नेऊन बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या कवचाला टाक्यांनी पक्का करण्याची रीत मांडली. आजचं काम त्याच वाटेनं चालतं. नाकाकडचा स्नायू बुबुळाच्या कडेपासून साधारण साडेपाच मिलिमीटरवर चिकटलेला असतो. पातळ पडद्याला छोटी चीर देऊन तो हुकावर उचलतात, दोरा ओवतात, सोडवतात आणि कंपासने अंतर मोजून मागे शिवतात. उलट, ढिल्या स्नायूचा तुकडा कापून तो आखूडही करता येतो. जिथे सुई घालायची तिथे कवच जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर जाड असतं. हात जपून चालवावा लागतो तो इथे. डोळा बाहेर काढून ठेवतात ही निव्वळ अफवा.

वयाचा मुद्दा मात्र वेगळ्याच दिशेने पुढे आला. मेंदूचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ ह्युबेल आणि वीझेल यांनी १९६०च्या दशकात मांजरीच्या पिल्लांवर दाखवलं, की सुरुवातीच्या काळात एक डोळा वापरात राहिला नाही तर मेंदू त्याच्याकडून येणारे संदेश घेणंच कमी करतो. पुढे १९८१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. म्हणून लहानपणी तिरळेपणा दिसला की आधी नजर तपासतात, गरज पडल्यास चांगल्या डोळ्यावर पट्टी लावतात. टेलरची तीच पट्टी, पण इथे ती दिवसातून ठरलेले तास, महिनोन्‌महिने लावायची असते.

दूरदृष्टीच्या जास्त नंबरामुळे आत वळलेला डोळा कित्येकदा नुसत्या चष्म्याने सरळ येतो. मोठेपणीही ऑपरेशन करता येतं आणि डोळा सरळ दिसतो. पण लहानपणी मंदावलेली नजर त्याने परत येत नाही.