न्यूरॉनच्या स्पाइकचं गणित प्रोबॅबिलिटीकडे कसं वळलं

घोडबंदर रोडला आमच्या बाल्कनीवर पत्रा आहे, सर सुरू झाली की त्यावर थेंब वाजायला लागतात, दोन लागोपाठ, मग जरा वेळ काहीच नाही, मग एकदम तीन. न्यूरॉनला, म्हणजे मेंदू-नसांमधल्या पेशीला, इलेक्ट्रोड लावून सिग्नल स्पीकरला जोडला की बराचसा असाच आवाज येतो, त्यातला एकेक टक म्हणजे एक स्पाइक, विजेचा क्षणभराचा झटका, आणि ह्या अनियमितपणाचं करायचं काय, ह्यातूनच हा विषय उभा राहिलाय.

१९२६ ला केंब्रिजमध्ये एड्रियन आणि झॉटरमन ह्यांनी बेडकाच्या स्नायूतून येणाऱ्या एकाच नर्व्ह फायबरचे (नसेतल्या एका धाग्याचे) स्पाइक पकडले. स्नायू जास्त ताणला तरी स्पाइक मोठा होत नाही, फक्त जास्त वेळा येतो, त्यामुळे सेकंदाला किती स्पाइक हेच मोजायची सवय लागली. १९५२ मध्ये हॉजकिन-हक्सलीची समीकरणं आली, स्पाइक तयार कसा होतो ते कळलं. पण त्या समीकरणात तोच करंट दिला की उत्तर तेच, आणि जिवंत मेंदूत तेच चित्र दहादा दाखवा, दहाही वेळा स्पाइक वेगळ्या क्षणी.

१९५४ ला डेल कॅस्टिलो आणि कॅट्झनी दाखवलं की नसेच्या टोकाशी केमिकल ठरावीक पुड्यांमध्ये सुटतं, आणि एखादी पुडी सुटेल का नाही हे चान्सवर असतं. मग १९६४ ला गेर्स्टाइन आणि मॅन्डेलब्रॉट (हो, फ्रॅक्टलवाले तेच) ह्यांनी न्यूरॉनच्या व्होल्टेजला रँडम वॉक मानलं, म्हणजे दर पावलाला चान्सवर वर किंवा खाली, आणि थ्रेशोल्ड (ठरावीक पातळी) गाठला की स्पाइक. सगळ्यात सोपं मॉडेल मात्र पॉयसॉनचं, म्हणजे पत्र्यावरचे थेंब, मागचा कधी पडला ह्याच्याशी पुढच्याला देणंघेणं नाही. न्यूरॉनला ते पूर्ण लागू होत नाही कारण एक स्पाइक झाला की एक-दोन मिलीसेकंद तो पुन्हा फायर करूच शकत नाही.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो १९९५ चा मेनेन आणि सेज्नोव्स्कीचा प्रयोग. उंदराच्या कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या बाहेरच्या थराच्या) चकतीतल्या एका न्यूरॉनला स्थिर करंट दिला तर दर वेळी स्पाइक इकडेतिकडे सरकायचे, पण वरखाली होणारा तोच करंट परत परत दिला तर स्पाइक जवळजवळ मिलीसेकंदाच्या हिशोबात त्याच क्षणी! म्हणजे स्पाइक काढणारी यंत्रणा चांगली भरवशाची आहे, गडबड बरीचशी बाहेरून येते, आणि माझ्या मते इथे 'नॉइज' (निरर्थक गोंधळ) हा शब्द वापरताना लोकांनी थांबून विचार करायला हवा होता.

२००८ ला पिलो आणि सहकाऱ्यांनी माकडाच्या रेटिनातल्या (डोळ्याच्या पडद्यातल्या) २७ पेशी एकाच मॉडेलमध्ये घेतल्या, प्रत्येकीचे मागचे स्पाइक आणि शेजारणींचेही धरून. आता न्यूरोपिक्सेलसारख्या प्रोबवर, म्हणजे मेंदूत घालायच्या बारीक सुईवर, एका वेळी ३८४ चॅनेल (सिग्नल पकडायच्या जागा) मिळतात, आणि अडचण वेगळीच झालीय, दोन न्यूरॉन एकत्र फायर झाले तर एकाने दुसऱ्याला चेतवलं, का दोघांना न दिसणारा तिसराच कोणी चालवतोय? समोरच्या बिल्डिंगचा पत्रा पण आमच्याबरोबरच वाजायला लागतो, कारण सर एकच असते.