सीझरमधला रक्तस्राव: टाक्यापासून इंजेक्शनपर्यंत

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर भागातून 'अतिजोखमीची माता' अशी नोंद होऊन नाशिकला पाठवल्या जाणाऱ्या अनेकींच्या कार्डावर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: हिमोग्लोबिन कमी आणि आधीचं सीझर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय आढळला. धडधाकट बाई सोसेल तेवढा रक्तस्राव अशा बाईच्या जिवावर बेततो. दिवस भरल्यावर गर्भपिशवीकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त वाहतं, त्यामुळे विचार करायलाही वेळ मिळत नाही.

एकोणिसाव्या शतकात बरीच वर्षं सीझर झाल्यावर गर्भपिशवी शिवतच नसत. ती आकसून आपोआप मिटेल अशी समजूत होती. बाया रक्तस्रावाने नाहीतर जंतुसंसर्गाने दगावत. १८७६ मध्ये इटलीत एदुआर्दो पोरो यांनी बाळापाठोपाठ गर्भपिशवीच काढून टाकली. आई जगली, पण पुन्हा मूल होणं कायमचं संपलं. १८८२ मध्ये जर्मनीच्या माक्स सेंगर यांनी गर्भपिशवीला टाके घालण्याची पद्धत मांडली, तेव्हा कुठे आई आणि गर्भपिशवी दोन्ही वाचू लागल्या.

मग गर्भपिशवी आकसवणारी औषधं आली: १९३५ मध्ये एर्गोमेट्रिन, १९५३ मध्ये प्रयोगशाळेत बनवलेलं ऑक्सिटोसिन. पहिलं रक्तदाब वाढलेल्या बाईला चालत नाही, दुसरं फ्रिजमध्येच ठेवावं लागतं.

मला सर्वात मोलाची वाटते ती ट्रानेक्झॅमिक ॲसिडची गोष्ट. जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांच्या पतींनी १९६२ मध्ये ते जगापुढे आणलं. रक्ताची गुठळी विरघळू न देणारं हे औषध बाळंतिणींसाठी वापरावं, हा उताकोबाईंचा पहिल्यापासूनचा ध्यास. वीस हजार बायांवरच्या चाचणीचा निकाल लागला २०१७ मध्ये: रक्तस्राव सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने घटतात. उताकोबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या. सरसकट प्रत्येक सीझरला ते आधीच द्यावं का, यावर मात्र एकमत नाही. २०२३ च्या अमेरिकन चाचणीत त्याने रक्त चढवण्याची गरज ठळकपणे घटली नाही.

आज किती रक्त गेलं ते नजरेने अजमावण्याऐवजी भिजलेले मॉप (रक्त टिपायचे कापडी तुकडे) वजन करतात, कोरं वजन वजा करतात. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. पण आधीच्या टाक्यावरच वार (प्लासेंटा) चिकटलेली असेल तर ते सोनोग्राफीत आधी दिसायला हवं, आणि बाईला टेबलावर घेण्यापूर्वी रक्ताच्या पिशव्या हाताशी हव्यात. सरकारी दवाखान्यात सीझर आणि रक्त दोन्ही मोफत, हे २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात लिहिलेलं आहे.