लाल विंचवावरचा उतारा महाडला कसा सापडला

लाल विंचवाचं विष अंगात भिनलं की मुलाचे हातपाय गार पडतात. दरदरून घाम फुटतो, इतका की सदरा पिळून काढावा. उलट्या होतात, तोंडातून लाळ गळते, मुलगा असेल तर लिंग ताठरतं आणि तसंच राहतं. पुढच्या काही तासांत धाप लागते, खोकल्याबरोबर गुलाबी फेस येऊ लागतो. १९७० च्या दशकात कोकणात हा फेस दिसला की डॉक्टरही हात टेकत. विष असं अंगभर पसरलेल्या दर १०० रुग्णांपैकी ३० ते ४० दगावत.

डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा परिस्थिती ही होती. ते जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, नागपूरला एमबीबीएस झालेले. पाठ्यपुस्तकांत विंचूदंशावर फारसा मजकूर नव्हता. अॅट्रोपिन, स्टिरॉइड, गुंगी आणणाऱ्या औषधांचं मिश्रण असं जे हाताशी असेल ते दिलं जाई, आणि त्यातल्या काहींनी अपाय होतो हे पुढे कळलं. बरेच लोक दवाखान्याऐवजी विंचू उतरवणाऱ्याकडे जात. त्यांना नुसतं अडाणी म्हणून चालणार नाही. बहुतेक दंशांत भयंकर ठणका लागतो, पण विष अंगभर पसरत नाही. माणूस एकदोन दिवसांत आपोआप बरा होतो. त्याचं श्रेय मंत्राला मिळे. प्रश्न उरलेल्या थोड्या रुग्णांचा होता, आणि ते थोडे कोणते हे वेळेत ओळखायचं कसं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

बावस्करांनी पहिलं काम केलं ते पाहत राहण्याचं. रुग्ण आल्यापासून नाडी, रक्तदाब, हातापायांचं तापमान, घाम, उलट्या, सगळ्याच्या वेळेनुसार नोंदी. या नोंदींवरचा लेख १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्याचा गाभा साधा होता: उलटी, भरपूर घाम, लाळ, गार हातपाय आणि मुलग्यांमध्ये लिंगाचा ताठरपणा ही हृदयावर संकट येणार असल्याची आगाऊ सूचना आहे. उलट नुसताच जबर ठणका असेल आणि बाकी काही नसेल, तर धोका बहुधा कमी.

या सगळ्या कहाणीत मला हा टप्पा सर्वात मोलाचा वाटतो. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. रात्रपाळीची परिचारिका मुलाच्या तळव्याला हात लावून सांगू शकते की डॉक्टरांना आत्ताच उठवायला हवं. रुग्णाजवळ बसणं आणि संशोधन करणं ही तिथे दोन वेगळी कामं नव्हतीच.

आता हे गार तळवे कशामुळे? विंचवाच्या विषातली प्रथिनं चेतापेशींच्या आवरणातल्या सूक्ष्म दारांवर काम करतात. ही दारं सोडियम, पोटॅशियमसारख्या क्षारांची ये-जा नियंत्रित करतात. विषामुळे सोडियमची दारं वेळेवर मिटत नाहीत, चेता पुन्हापुन्हा उद्दीपित होतात आणि अॅड्रिनॅलिन, नॉरअॅड्रिनॅलिन या ताणाच्या वेळी शरीरात सुटणाऱ्या रसायनांचा रक्तात पूर लोटतो. आपल्या लाल विंचवाच्या विषात आयबेरिओटॉक्सिन नावाचं आणखी एक प्रथिन आहे; ते पोटॅशियमची एका विशिष्ट जातीची दारं बंद करतं. १९९० मध्ये ते वेगळं काढलं गेलं आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत ही दारं अभ्यासण्यासाठी तेच वापरतात.

इस्रायलमध्ये मोशे ग्वेरॉन आणि त्यांचे सहकारी तिथल्या पिवळ्या विंचवाच्या दंशात हृदयाला होणारी इजा १९६० च्या दशकापासून नोंदवत होते. नॉरअॅड्रिनॅलिनमुळे रक्तवाहिन्या आवळतात. त्वचेचा रक्तपुरवठा घटतो, हातपाय गार पडतात. शेतातला पंप चालू ठेवून पुढचा व्हॉल्व्ह बंद केला तर पंपावर जो ताण येईल, तोच इथे हृदयावर येतो. डावा कप्पा थकतो, रक्त मागे फुफ्फुसात तुंबतं, पाणी झिरपतं आणि तो गुलाबी फेस येतो.

म्हणजे उपाय व्हॉल्व्ह उघडण्याचा हवा. बावस्करांनी रक्तवाहिन्या सैल करणारं सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिलं. ते गुणकारी होतं, पण शिरेतून थेंबाथेंबाने, उजेडापासून झाकून आणि सतत रक्तदाब मोजत द्यावं लागतं. अतिदक्षता विभागात हे शक्य आहे. एक डॉक्टर आणि मोजका कर्मचारीवर्ग असलेल्या केंद्रात, पावसाळ्यात वीज गेलेल्या रात्री, ते फार अवघड.

मग आली प्राझोसिन. ही उच्च रक्तदाबावरची गोळी, विंचवाशी तिचा काही संबंध नव्हता. नॉरअॅड्रिनॅलिन रक्तवाहिनीच्या भिंतीवरच्या ज्या ग्राहींना, म्हणजे संदेश झेलणाऱ्या जागांना, चिकटून ती आवळतं, त्या अल्फा ग्राहींना प्राझोसिन अडवते. विष नष्ट होत नाही, पण त्याचा हुकूम रक्तवाहिन्यांपर्यंत पोचत नाही. गोळी स्वस्त, तोंडाने देता येणारी. डॉ. हिम्मतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी या उपचाराचे अनुभव १९८६ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्येच मांडले. पुढच्या वर्षांत ही पद्धत रुळली तिथे मृत्यूचं प्रमाण एका टक्क्याच्या आसपास उतरलं.

ही तुलना आधीच्या आणि नंतरच्या रुग्णांमधली होती, चिठ्ठ्या टाकून दोन गट करून केलेली नव्हती, हे वाचकाने लक्षात ठेवावं. पण तशी चाचणीही पुढे झाली, आणि महाडलाच झाली. मुंबईच्या हाफकिन संस्थेने घोड्यांच्या रक्तापासून लाल विंचवाचं विष निष्प्रभ करणारी प्रतिविष लस बनवली होती. ती द्यावी की प्राझोसिन पुरेशी आहे, यावर डॉक्टरांत मतभेद होते. बावस्कर दांपत्याने ७० रुग्णांचे दोन गट केले: एकाला नुसती प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष लस. दहा तासांनी लक्षणं पूर्ण ओसरलेले रुग्ण दुसऱ्या गटात ३५ पैकी ३२ होते, पहिल्या गटात ३५ पैकी ८. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने हे निष्कर्ष छापले.

ज्या गोळीमुळे आपलं नाव जगभर झालं, तीच एकटी दिली तर रुग्ण सावकाश बरा होतो, हे त्याच डॉक्टरांनी आकड्यांनिशी सांगितलं. रुग्णाबद्दलची कळकळ म्हणतात ती मला इथे दिसते. लवकर बरा झालेला शेतमजूर लवकर घरी जातो, त्याच्यासोबत आलेल्यांचे रोज कमी बुडतात. डॉ. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

भातकापणीच्या दिवसांत, पेंढ्याच्या भाऱ्यात, लाकडांच्या ढिगात, कौलांच्या सांदीत विंचू आजही असतात. दंश झाला तर जागा कापू नये, घट्ट बांधू नये, मंत्र-जडीबुटीत वेळ दवडू नये. घाम, उलट्या, गार हातपाय दिसले तर तातडीने आरोग्य केंद्र गाठावं आणि दंशाची वेळ डॉक्टरांना सांगावी. प्राझोसिन घरी स्वतःहून देऊ नये. मात्रा वजनानुसार ठरते आणि रक्तदाब एकदम उतरू शकतो. म्हणूनच गोळी दिल्यावर रुग्णाला आडवंच ठेवतात. मूल रडलं तरी त्याला उचलून खांद्यावर घ्यायचं नाही, हे आईला आधीच समजावून सांगावं लागतं. आणि केंद्रातल्या डॉक्टरांनी एवढं पाहावं की साध्या, लगेच विरघळणाऱ्या गोळ्या कपाटात आहेत. सावकाश विरघळणारी गोळी चुरून लहान मुलाला देता येत नाही.